सहा जणांच्या पथकांसाठी अहमदाबादकडे एक मागणी

मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

ऑक्टोबर 2008 मध्ये बालेवाडीत राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. मी तेव्हा पुण्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि चाळीसेक मुलांना घेऊन शिवछत्रपती क्रीडानगरीत गेलो होतो. मुलांची 400 मीटरची शर्यत सोळा वर्षांच्या एका उंच पोराने जिंकली. फलकावर देशाचे नाव झळकले, ग्रेनाडा. मागच्या रांगेतून लगेच प्रश्न आला, "सर, हे कुठं आलं?" मला सांगता आले नाही. घरी येऊन नकाशा उघडला, तेव्हा कॅरिबियन समुद्रात व्हेनेझुएलाच्या वर एक ठिपका सापडला.

चार वर्षांनी त्याच मुलाने लंडनमध्ये 43.94 सेकंदांत ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. त्याचे नाव किरानी जेम्स. गुयाव्ह नावाच्या मासेमारीच्या गावातला हा मुलगा. त्याच्या देशाचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. आपल्याकडे सकाळ झाली तेव्हा माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांचे निरोप आले होते: "सर, बालेवाडीवाला जिंकला!" मला तेव्हा भरून आले होते. आजही ती शर्यत आठवली की तसेच होते.

मंत्रिमहोदय, 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. शतक महोत्सवी स्पर्धा म्हणून त्यांचे मोठे कौतुक होईल आणि ते व्हायलाच हवे. स्टेडियम, रस्ते, मेट्रो, उद्घाटनाचा सोहळा या सगळ्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते पाच-सहा खेळाडू घेऊन येणाऱ्या पथकांविषयी.

ग्रेनाडाचेच उदाहरण घेतो. क्षेत्रफळ 344 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून थोडे अधिक. लोकसंख्या आपल्या सातारा शहराएवढी. जायफळ हे तिथले पीक. ते इतके जिव्हाळ्याचे, की राष्ट्रध्वजावरही जायफळ आहे. 2004 मध्ये इव्हान चक्रीवादळाने जायफळाच्या बागा झोपवल्या. एक जायफळ धरायला किती वर्षे लागतात, हे कोकणातल्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. 1 जुलै 2024 ला बेरिल वादळाने त्यांचे कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केले. पॅरिस ऑलिंपिकला तेव्हा 25 दिवस उरले होते. तरीही सहा खेळाडू पॅरिसला गेले आणि दोन कांस्यपदके घेऊन परतले. त्यातले एक अँडरसन पीटर्सने भालाफेकीत 88.54 मीटरवर मिळवले. हा तोच पीटर्स, ज्याने 2022 च्या जागतिक स्पर्धेत आपल्या नीरज चोप्राला रौप्यावर थांबवले होते. दुसरे पदक लिंडन व्हिक्टरचे, डेकॅथलॉनमधले, म्हणजे दहा मैदानी प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेतले. 2012 पासून हा देश एकाही ऑलिंपिकमधून रिकाम्या हाताने परतलेला नाही.

हे कसे घडते, याचा मी शिक्षक म्हणून बराच विचार केला आहे. तिथे आंतरशालेय मैदानी स्पर्धेला गावोगावचे लोक जमतात. तिथून निवडलेली मुले ईस्टरच्या सुमारास कॅरिफ्टा या कॅरिबियन कनिष्ठ मैदानी स्पर्धेत इतर बेटांच्या मुलांविरुद्ध उतरतात. 1972 पासून हे चालू आहे. कॅरिफ्टात चमकलेल्यांना अमेरिकी विद्यापीठांची शिष्यवृत्ती मिळते. जेम्स अलाबामाला गेला, पीटर्स मिसिसिपी स्टेटला, व्हिक्टर टेक्सास ए अँड एमला. म्हणजे खेळाडू घडवण्याची वाट त्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने आखून घेतली आहे. प्रत्यक्ष स्पर्धेच्या गावी उतरल्यावर मात्र हाताशी माणसे कमी असतात. पॅरिसला आपले 117 खेळाडू होते आणि त्यांच्यासोबत प्रशिक्षक, फिजिओ, डॉक्टर, पदाधिकारी मिळून 140 जणांना मंजुरी होती. नीरजसाठी ते योग्यच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या देशाचे पथकच सहा जणांचे आहे, त्याने किती माणसे सोबत न्यावीत?

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी कनिष्ठ गटाच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मी मदतनीस होतो. एका छोट्या बेटाची दोन मुले आली होती आणि त्यांच्यासोबत एकच बाई होत्या. व्यवस्थापक त्याच, प्रशिक्षक त्याच, बर्फाची पिशवी धरणाऱ्याही त्याच. बाई मुलाच्या गोळाफेकीजवळ उभ्या असताना तिकडे मुलीला शर्यतीच्या प्राथमिक फेरीत लेन सोडल्याबद्दल बाद केले. निकाल जाहीर झाल्यापासून 30 मिनिटांत हरकत घ्यावी लागते. बाईंपर्यंत बातमी पोहोचली तेव्हा वेळ टळून गेली होती. निर्णय कदाचित बरोबरही असेल. पण त्या मुलीच्या बाजूने विचारणारे कोणी नव्हते. ती मिक्स्ड झोनच्या, म्हणजे खेळाडू पत्रकारांशी बोलतात त्या जागेच्या, कठड्याला टेकून उभी होती, हातात बूट घेऊन. मी तिला पाणी दिले. त्याहून अधिक काही करण्याचा मला अधिकार नव्हता.

म्हणून माझी मागणी आहे, की अहमदाबादमध्ये दहापेक्षा कमी खेळाडू असलेल्या प्रत्येक पथकाला यजमानांकडून एक जाणकार माणूस द्यावा. विमानतळावर हार घालणारा स्वयंसेवक नव्हे. त्याला कॉल रूम (शर्यतीआधी खेळाडूंनी हजर व्हायची खोली), हरकतीचा अर्ज, बदललेली वेळापत्रके हे सगळे कळले पाहिजे. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीचे शेकडो तांत्रिक पंच आहेत. चार वर्षांत त्यांतून अशी पन्नास-साठ माणसे सहज तयार होतील. सरावाच्या धावपट्टीवर आणि वजन उचलण्याच्या हॉलमध्ये, ज्यांच्याकडे फिजिओ नाही त्यांच्यासाठी आपला फिजिओ बसलेला असावा. क्रीडाग्रामातला दवाखाना दूर असतो. स्नायू आखडतो तो शर्यतीच्या वीस मिनिटे आधी.

दुसरे, दिल्लीने 2010 च्या स्पर्धा मिळवताना प्रत्येक सदस्य देशाला खेळाडूंच्या तयारीसाठी एक लाख डॉलर देऊ केले होते. या वेळी पैशांबरोबर जागाही द्यावी. पतियाळा, बंगळुरू, बालेवाडी इथल्या केंद्रांत या खेळाडूंना स्पर्धेआधी तीन-चार आठवडे राहू द्यावे. आपल्या हवेची, जेवणाची सवय होईल. आपल्या मुलांनाही त्यांच्याबरोबर सराव मिळेल. पीटर्ससारखा माणूस महिनाभर बालेवाडीत भाला फेकत असेल, तर सातारा-सांगलीची भालाफेकीची पोरे एसटीने येऊन कुंपणाशी उभी राहतील, याची मी खात्री देतो.

23 जुलै 2026 पासून ग्लासगोत राष्ट्रकुल स्पर्धा आहेत. आपले अधिकारी तिथे पाहणीला जातीलच. त्यांतल्या दोघांना एक दिवस छोट्या पथकांच्या व्यवस्थापकांसोबत बसवा. ग्रेनाडा, नाऊरू, किरिबाती, तुवालू, डॉमिनिका, सेंट लुसिया. त्यांना काय कमी पडते ते त्यांच्याच तोंडून लिहून आणा, आणि ते टिपण अहमदाबादच्या संयोजन समितीच्या पहिल्या बैठकीत ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, पुणे