शंकूचा फिल्टर बसवू दिला नाहीत, त्याबद्दल

तीर्थस्वरूप मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

बॉनेटखाली हवेचा उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर ठोकायचा आणि टर्बोची शिट्टी ऐकत हायवेला लागायचं, हे खूळ तुम्ही आमच्या डोक्यातून काढलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर एवढ्याचसाठी, की तुम्ही शिकवलेलं पुण्याजवळच्या वाघोली-केसनंद पट्ट्यात खडी आणि मुरूम ओढणाऱ्या प्रत्येक पिकअपच्या कामाचं आहे.

पहिला हिशोब तुम्ही खडूने फिल्टरच्या डब्याच्या झाकणावरच मांडलात. 2.5 लिटरचं इंजिन 3000 फेऱ्यांवर मिनिटाला 3750 लिटर हवा ओढतं, कारण दोन फेऱ्यांत एकदाच पोट भरतं. टर्बोचा, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्याचा, दाब धरला तर साधारण दीडपट, म्हणजे साडेपाच हजार लिटर. ही हवा बॉनेटखालची घेतली तर ती 65 अंशांची, पुढच्या जाळीतून घेतली तर 35 अंशांची. दर 3 अंशांना हवा सुमारे 1 टक्क्याने विरळ होते. म्हणजे उघडा फिल्टर बसवून आपण 10 टक्के हवा गमावतो आणि वर त्याचे पैसे मोजतो. शिवाय डिझेल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, फिल्टर नाही. ॲव्हरेज दोन किलोमीटरने वाढेल, असं सांगणाऱ्या दुकानदाराला तुम्ही नुसतं हसून चहा पाजलात, तेही लक्षात आहे.

पण खरे आभार त्या नळीचे. गवंडी पाणसळीला वापरतात ती पारदर्शक नळी, चार मीटर. तिचा यू करून फळीला खिळवायचा, कुंकू घातलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भरायचं आणि एक तोंड फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपला जोडायचं. फिल्टर भरल्याचा इंडिकेटर बसतो ते भोक बहुतेक डब्यांवर असतंच. नसेल तर पाइप गाडीवरून काढून, बाहेर नेऊन भोक पाडायचं. जागेवर ड्रिल मारलं तर छिल थेट टर्बोत जातो, आणि ते पातं मिनिटाला लाखाच्या वर फिरत असतं. मग पूर्ण लोड, दिवे घाट, तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. शेजारी बसलेल्याने दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजायचा. बऱ्याच डिझेल इंजिनांना 25 इंच, म्हणजे 635 मिलिमीटर, ही फिल्टर बदलायची हद्द धरतात. इंजिनाकडची नळी पाण्याच्या वर किमान मीटरभर ठेवायची, नाहीतर कुंकवाचं पाणी इंजिन पिऊन टाकेल.

त्यातली मेख पुढे आहे. तोच आकडा फिल्टरच्या अलीकडे, डब्याच्या मळक्या बाजूलाही घ्यायचा. समजा स्वच्छ बाजूला 420 आले आणि मळक्या बाजूला 250. म्हणजे फिल्टरचा वाटा 170 आणि उरलेले 250 सोंडेचे, म्हणजे बाहेरून डब्यात हवा आणणाऱ्या पाइपचे. मग फिल्टर बदलून काय होणार? अडलंय ते सोंडेत. चाकाच्या कमानीत तोंड खुपसलेली, दोन ठिकाणी चेपलेली, 50 मिलिमीटरची सोंड. तीच 70 ची केली तर क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं आणि अडथळा चौथाईवर येतो. लोक फिल्टरवर हजारो घालवतात आणि सोंडेकडे बघतही नाहीत.

आता प्रत्यक्ष काम, तुमच्या क्रमाने. मूळचा बंद डबा ठेवायचा. तो लहान असेल तर वरच्या वर्गातल्या गाडीचा गोल डबा घ्यायचा, ज्यात आत दुसरा छोटा सेफ्टी फिल्टर असतो आणि हवा आत येताना गोल फिरते. फिरताना जड कण भिंतीला लागून खाली पडतात आणि तळाच्या रबरी चोचीतून बाहेर जातात. डबा जुन्या बाजारातून चालेल. फिल्टर मात्र नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून, नवा, सीलबंद. चोच सरळ खाली, जमिनीकडेच यायला हवी. डबा आडवा-तिरका बसवला की धूळ कोपऱ्यात साठते. ब्रॅकेटला 3 मिलिमीटरची पट्टी, एम 6 चे चार बोल्ट, नायलॉक नट, आणि खाली रबरी बुश. डबा बॉडीला बसतो आणि इंजिन माउंटिंगवर हलत असतं, म्हणून दोघांमधला निदान 150 मिलिमीटरचा तुकडा लवचीकच हवा. तिथे कडक पाइप घातला की महिना-दोन महिन्यांत गळ्यापाशी तडा जातो आणि तो तडा खालच्या बाजूला असल्याने दिसत नाही.

पाइप कुठला, यावर तुम्ही कुणाचंच ऐकून घेतलं नाहीत. घरातल्या ड्रेनेजचा पीव्हीसी नाही, तो गरमीने मऊ पडतो. नुसती रबरी नळीही नाही, ती ओढीने चिमटते, आणि थांबलेल्या गाडीत बघायला गेलं तर परत गोल झालेली असते. आत पोलादी तार असलेली सक्शन होज किंवा सिलिकॉनचे एल्बो, आणि प्रत्येक तोंडाला स्क्रूने आवळायची जुबली क्लिप. पाइप किमान 30 मिलिमीटर चढलेला हवा. सोंडेचं तोंड पुढच्या जाळीमागे, बंपरच्या वर आणि रेडिएटरच्या पंख्याच्या वाऱ्यापासून दूर. केबिनमागे उंच तोंड ट्रकला शोभतं. उघड्या मुरुमाच्या पिकअपला नाही, कारण केबिनमागच्या भोवऱ्यात हौद्यातली सगळी धूळ घुटमळते. सोंडेच्या सगळ्यात खालच्या वळणाला 5 मिलिमीटरचं एक भोक, पावसाचं पाणी गळायला. आणि उंच सोंड लावली म्हणून भिडे पुलावर पाणी असताना गाडी घालू नये. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

दोन जागांना हात लावायचा नाही, असं बजावलंत. पहिली, हवा मोजणारा सेन्सर ज्या नळीत बसतो ती. त्याचा हिशोब त्या व्यासावरच बसवलेला असतो. नळी मोठी केली की हवा सावकाश जाते, सेन्सर कमी हवा दाखवतो, ईसीयू डिझेल कमी करतो आणि पी 0101 या फॉल्ट कोडचा दिवा लागतो. तेल लावलेले कापडी फिल्टर तुम्हाला चालत नाहीत तेही त्यामुळेच: तेल जास्त झालं की त्याची वाफ सेन्सरच्या गरम पापुद्र्यावर चिकटते. सेन्सर मळलाच तर फक्त त्याचाच स्प्रे. कार्ब्युरेटरचा स्प्रे नाही, बोट तर अजिबात नाही. दुसरी जागा ब्रीदरची. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातून, येणारी ती तेलकट नळी फिल्टरच्या पुढे जोडलेली असते. नवा पाइप टाकताना ती सुटी राहिली आणि पाइपवरचं तोंड उघडं, की फिल्टर कितीही भारी असो, इंजिन त्या भोकातून रस्त्याची धूळ ओढतं. मग टर्बोची पाती झिजतात, लायनर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत घासते, बॅक कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळणं सुरू होतं, गाडी ऑइल खाते आणि दोष मात्र ऑइलच्या कंपनीला.

तपासणीचे तुमचे प्रकार तर आम्ही आता सवयीने करतो. फिल्टरच्या रबरी कडेला ग्रीसचा पुसट हात फिरवून डबा बंद करायचा, परत उघडायचा. समोरच्या कडेवर अखंड गोल ठसा उमटला पाहिजे. जिथे ठसा तुटतो तिथून धूळ जाणार. रात्री डब्यात टॉर्च पेटवून सांध्यांतून उजेड येतो का ते बघायचं. नव्या फिल्टरमध्येही बल्ब धरायचा. सगळीकडे मंद उजेड हवा, एक जरी टिकली लख्ख दिसली तरी परत करायचा. आणि शेवटी स्वच्छ बाजूच्या पाइपात आतून ग्रीसचा पातळ थर लावून 200 किलोमीटर चालवायचं. मग थर बोटावर घेऊन चोळायचा. करकरला तर कुठेतरी गळती आहे. तोपर्यंत काम पूर्ण झालं असं म्हणायचं नाही.

फुंकणी मारण्यावर तुमचा राग सर्वांना ठाऊक आहे. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर 8 बारचा. तो कागद फाडतो. मारायचीच तर 2 बारच्या आत, वीतभर लांबून, आतून बाहेर. टायरवर आपटायचा नाही, घड्या सुटतात. साबणाच्या पाण्यात तर कागदी फिल्टर बुडवायचाच नाही. आणि रोज उघडूनही बघायचा नाही, कारण थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ पकडतो, आणि प्रत्येक उघडण्यात चिमूटभर माती स्वच्छ बाजूला पडते. नळी 635 सांगत नाही तोवर हात नाही. सेफ्टी फिल्टर तर फुंकायचाच नाही, सरळ बदलायचा.

वॉरंटीतली गाडी असेल तर डब्याला हात लावू नका आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाचा, हे तुम्ही प्रत्येकाला सांगता, ऐकतो कुणी कुणी. सोंडेची चेपलेली वळणं सरळ करणं, रबर बदलणं, क्लिपा घट्ट करणं यात तुमच्या मते निम्मं काम होतं. त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून हे कागदावरचे आभार.

कळावे, लोभ असावा.
आपले,
वाघोलीच्या नाक्यावरचे पिकअपवाले

ता. क. डब्याखालच्या चोचीचं रबर कडक होऊन उघडंच राहत होतं, ते बदललं. आता दर शनिवारी बोटांनी दाबून बघतो. परवा मूठभर मुरूम निघाला.