शर्यतीसाठी भांडलो, पोरांसाठीही भांडू

महोदय,

माझं वय 68. उमेदीत मीही शर्यतीत बैलगाडी पळवली. आता धाकटा मुलगा पळवतो. सहा वर्षं त्याच्या जोडीला शेजारच्या गावचा एक गाडीवान आहे. दोघांनी मिळून एक खोंड वाढवला. पेंड भिजवणं, पहाटे फिरवून आणणं, रात्री गोठ्यातच झोपणं, सगळं दोघांचं.

गेल्या दिवाळीत स्थळ आलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आबा, माझं माणूस ठरलंय. तुम्ही त्याला रोज बघताय." मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

भावकी म्हणते, लग्न लावून टाका, सुधारेल. आणि त्या पोरीचं काय? कुणाच्या लेकीला फसवून मी माझ्या उंबऱ्याच्या आत आणणार नाही.

2014 ला शर्यतींवर बंदी आली तेव्हा आख्खं गाव मोर्चाला गेलं. 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतीचा कायदा वैध ठरवला, आम्ही गुलाल उधळला. त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला समलिंगी विवाहाचा प्रश्न न्यायालयानं संसदेवर सोडला. त्या दिवशी माझ्या घरात कुणी जेवलं नाही. शाहू महाराजांनी 1919 मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला, तो याच कोल्हापुरात. आमच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा.

येत्या बेंदराला दोघं मिळून बैलांची शिंगं रंगवणार आहेत. भावकीनं पोळी खायला यावं.

– एक शेतकरी बाप, करवीर तालुका, कोल्हापूर