भिंग ठरवण्याआधी विचारायचा प्रश्न

महोदय,
स. न. वि. वि.

मी ३४ वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. लहानपणापासून उणे सहाचा चष्मा. पण उकार पहिला की दुसरा, अनुस्वार सुटलाय का, हे मी कायम चष्मा काढून, कागद डोळ्यांशी धरूनच पाहिलं.

गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं निदान झालं. शस्त्रक्रियेआधीच्या समुपदेशनाच्या खोलीत पहिलाच प्रश्न आला, "लेसरनं करायचं की साधं?" मग डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगांचा तक्ता पुढ्यात ठेवला गेला: मोनोफोकल, टोरिक, मल्टिफोकल. मी दिवसभर काय करते, हे मात्र कुणी विचारलं नाही.

'साधं' या शब्दानं माणूस घाबरतो. वास्तविक त्या पद्धतीतही छेद दोन-तीन मिलिमीटरचाच असतो आणि मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतात. लेसरच्या पद्धतीत फेम्टोसेकंद लेसर (अतिशय अल्पकाळाचे झोत सोडणारा) छेद देतो, भिंगाच्या आवरणावर गोल काप घेतो, भिंगाचे तुकडे करतो. ते तुकडे बाहेर काढणं आणि नवं भिंग बसवणं पुन्हा सर्जनच्याच हाती. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. लेसरचा खर्च जास्त, पण रुग्णाच्या पदरात अधिक काही पडलं नव्हतं. हे त्या खोलीत सांगायला हवं होतं.

नंतर कशी नजर मिळणार, हे बरंचसं मोजमापावर आणि भिंगाच्या निवडीवर ठरतं. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली, तरी नंबर अडीच-तीननं चुकतो. टोरिक भिंग तिरप्या (सिलिंडर) नंबरासाठी. मल्टिफोकल भिंग प्रकाश विभागून जवळचं-लांबचं दोन्ही दाखवतं. त्या बदल्यात रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, फिकी अक्षरं आणखी फिकी वाटू शकतात. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर ते बहुधा टाळतात. मोनोफोकल एकाच अंतरावर स्वच्छ दाखवतं, आणि सहसा लांबचं दिसेल असंच बसवतात. ते जवळचं दिसण्यासाठीही बसवता येतं, हे मला दुसऱ्या डॉक्टरांकडे कळलं. त्यांनी हातात छापील पान दिलं, "नेहमीसारखं वाचा" म्हणाल्या आणि पट्टीनं अंतर मोजलं. ४० सेंटिमीटर. दोन्ही डोळ्यांत त्याच अंतरावर स्वच्छ दिसेल असा, उणे अडीचच्या आसपासचा नंबर त्यांनी मुद्दाम ठेवला.

आज मी हे पत्र चष्म्याविना लिहिते आहे. बाहेर पडताना चष्मा लावते, तो साठ वर्षांच्या सवयीचाच आहे. पहिल्या तक्त्यातल्या मोनोफोकलवर बोट ठेवलं असतं आणि ते नेहमीसारखं लांबच्यासाठी बसवलं असतं, तर चष्म्याविना वाचणं एका दिवसात संपलं असतं, आणि तसं होणार आहे हे मला आधी कळलंही नसतं.

नेत्रतज्ज्ञांना माझी विनंती आहे: संमतिपत्रात लेसरच्या रकान्याच्या वर एक ओळ छापा, 'आपण चष्म्याशिवाय काय करू इच्छिता?' आणि उत्तर रुग्णाच्या हातानं लिहून घ्या.

– एक निवृत्त मुद्रितशोधक