हिरड्या न मोजताच दिलेल्या 'सामान्य' अहवालाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
दंत चिकित्सालय साखळीचे मुख्य कार्यालय

विषय : वार्षिक दंत तपासणी पॅकेजमध्ये हिरड्यांची तपासणी न झाल्याबाबत.

महोदय,

आपल्या सांगलीतील विश्रामबाग शाखेचे वार्षिक तपासणी पॅकेज मी जून 2023 मध्ये 3,600 रुपये भरून घेतले आणि पुढे दोनदा त्याचे नूतनीकरण केले. माहितीपत्रकात 'दात व हिरड्यांची संपूर्ण तपासणी' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. माझी तक्रार त्यातल्या 'हिरड्यांची' या शब्दापुरतीच आहे.

या काळात मी पाच वेळा शाखेत आलो. प्रत्येक वेळी आरशाने दात पाहिले, कीड शोधली, दोनदा मशीनने कीटण काढले, आणि पाचही अहवालांत 'हिरड्या : सामान्य' हेच शब्द छापून आले. दुसऱ्या भेटीपासून मी ब्रश करताना रक्त येत असल्याचे सांगत होतो. त्यावर मऊ ब्रश वापरण्याचा सल्ला मिळाला. मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे, हे आपल्याच अर्जावर मी स्वहस्ते लिहिलेले आहे. साखर नियंत्रणात नसली तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या तर साखर आटोक्यात आणणे अवघड जाते, हे मला आपल्याकडे नव्हे, नंतर दुसरीकडे कळले.

गेल्या महिन्यात भडंग खाताना खालचा पुढचा दात हलल्याचे जाणवले, म्हणून मी मिरजेतील हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीच्या आत हलकेच सरकवली. त्या आकडे मोठ्याने सांगत होत्या आणि सहायिका तक्त्यावर उतरवून घेत होती : 'तीन, दोन, तीन'. खालच्या पुढच्या दातांपाशी आल्यावर आवाज तोच राहिला, आकडे मात्र 'पाच, सहा, सात' झाले, आणि कोणी काही न सांगताच खुर्चीत पडल्या पडल्या माझ्या लक्षात आले. निरोगी हिरडीत ही खोली सुमारे 3 मिलिमीटरपर्यंत असते. एक्स-रेमध्ये त्या दातांभोवतीचे हाड खाली गेलेले स्पष्ट दिसते, आणि गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही.

ही सळई आपल्या शाखेत पाच भेटींत एकदाही माझ्या तोंडात गेली नाही. अशी पूर्ण मोजणी वेळखाऊ आहे, हे मान्य. परंतु तोंडाचे सहा भाग करून प्रत्येक भागातील सर्वांत वाईट स्थितीला 0 ते 4 पैकी एक अंक देण्याची प्राथमिक चाचणी दंतवैद्यकात प्रचलित आहे आणि तिला काही मिनिटेच लागतात. आपल्या अहवालाच्या नमुन्यात हे सहा अंक लिहायला जागाच नाही.

शाखा व्यवस्थापकांनी फोनवर 'तुम्हाला दुखत नव्हते ना?' असे विचारले. हा आजार बहुधा बराच वाढेपर्यंत दुखत नाही, म्हणूनच तो मोजून शोधावा लागतो. माझी आजी मिश्री लावायची. तिचे दात पन्नाशीत एकेक करून पडले आणि घरात सगळ्यांनी ते वयावर ढकलले. तिने तपासणीचे पैसे कोणाला भरले नव्हते. मी तीन वर्षे भरले.

त्यामुळे माझ्या पाचही भेटींच्या नोंदी व एक्स-रे यांच्या प्रती मला मिळाव्यात, तिन्ही वर्षांचे पॅकेज शुल्क परत करावे, आणि मोजणी न करता 'सामान्य' हा शब्द कोणत्या आधारावर लिहिला गेला याचा लेखी खुलासा व्हावा. मिरजेतील उपचारांचा खर्च मी तूर्त मागत नाही. त्याची देयके जपून ठेवली आहेत. याच पॅकेजमधील इतर रुग्णांना, विशेषतः मधुमेही व तंबाखू वापरणाऱ्यांना, मोजणीसाठी परत बोलावावे, ही विनंती मात्र आग्रहाची आहे. तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे अशा रुग्णाला माझ्याइतकीही पूर्वसूचना मिळत नाही.

30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सांगली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी दाद मागेन. अहवालांच्या व मिरजेतील तक्त्याच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
(सही)
पॅकेजधारक रुग्ण, सांगली