नीट-पीजीची तारीख एकदाच ठरवा

प्रति,
मा. प्रतापरावजी जाधव,
केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण राज्यमंत्री, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

आपण बुलढाण्याचे खासदार, मूळ मेहकरचे. म्हणून पत्र मराठीत लिहिते आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र कसं चालतं हेही आपल्याला समजावून सांगायला नको. मी विदर्भातल्या अशाच एका केंद्रात बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी आहे. एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा, नाही केली तर दहा लाख रुपये भरायचे, हा नियम आपल्याला ठाऊक आहेच. सेवेबद्दल माझी तक्रार नाही. सरकारी कॉलेजात शिकले, तेवढं देणं लागते. तक्रार आहे ती नीट-पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएससारख्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या तारखेबद्दल.

एकोणीस विषय, २०० प्रश्न, ८०० गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. अशा परीक्षेचा अभ्यास तारखेपासून मागे मोजत आखावा लागतो. बायोकेमिस्ट्रीतली एन्झाइमं आणि फार्माकॉलॉजीतली औषधांची नावं डोक्यात फार दिवस टिकत नाहीत, म्हणून शेवटची उजळणी परीक्षेला अगदी चिकटून ठेवायची असते. तारीख दोन महिने पुढे गेली की लोक म्हणतात, बरं झालं, अभ्यासाला वेळ मिळाला. वेळ कसला मिळतो? झालेली उजळणी विरून जाते आणि पुन्हा पहिल्या विषयापासून सुरुवात करावी लागते.

२०२४ चंच बघा. आधी ३ मार्च, मग ७ जुलै, मग अलीकडे ओढून २३ जून. आणि २२ जूनच्या रात्री कळलं की उद्याची परीक्षा होणार नाही. मुलं परगावी लॉजमध्ये मुक्कामाला पोचली होती, काहींबरोबर आईवडील होते. कारण दिलं परीक्षाप्रक्रियेच्या विश्वासार्हतेचं. एमबीबीएस प्रवेशाच्या नीट-यूजीतला पेपरफुटीचा गोंधळ ताजा होता, त्यामुळे सावधगिरी समजू शकते. पण ती आदल्या रात्रीच सुचावी? परीक्षा अखेर ११ ऑगस्टला झाली, तीही दोन सत्रांत, गुणांचं नॉर्मलायझेशन करून, म्हणजे दोन सत्रांचे गुण सूत्राने एका पातळीवर आणून. पुढच्या वर्षी पुन्हा दोन सत्रांचाच घाट घातला. ३० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एकाच सत्रात घ्या म्हणून सांगितलं, आणि १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टवर गेली. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. मात्र दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी तंतोतंत सारखी नसते, हे परीक्षा घेणाऱ्या मंडळाला कोर्टाने सांगावं लागलं.

या सगळ्याची झळ सर्वांना सारखी बसत नाही, आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. पुण्यात किंवा दिल्लीत खोली घेऊन अभ्यासिकेत दिवसभर बसणारा विद्यार्थी पुढे ढकललेली तारीख कशीबशी पचवतो. ड्युटीवर असलेल्याला ते जमत नाही. २०२४ पासून पेपरचे पाच भाग आहेत, प्रत्येकात ४० प्रश्न आणि ४२ मिनिटं. वेळ संपली की तो भाग बंद, मागे जाता येत नाही. सरावही तसाच घड्याळ लावून करावा लागतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी अशीच सराव परीक्षा देत होते, तेवढ्यात मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून एका शेतमजूर बाईला आणलं. चाव्याची खूण नाही, सूज नाही. पोटात दुखतंय म्हणाली, आणि पापण्या जड होऊन मिटत होत्या. मण्यार. एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, दहा कुप्या, निओस्टिग्मिन, अॅट्रोपिन, श्वासावर नजर, १०८ ला फोन. बाई वाचली. खोलीवर आले तेव्हा पाचही भागांची वेळ संपून गेली होती. त्यात मण्यारीवर प्रश्न होता की नाही, कोण जाणे!

आम्हाला अभ्यास असा सापडेल त्या फटीत कोंबावा लागतो. आधाराला एकच गोष्ट असते, परीक्षेआधी टाकलेली रजा. तारीख हलली की तीही वाया जाते.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. परीक्षा पुढे ढकला म्हणून ओरड करणाऱ्यांत आमच्यातलेही असतात. पण ती ओरड का होते? २०२३ मध्ये परीक्षा ५ मार्चला झाली आणि पात्रतेसाठी इंटर्नशिप संपवण्याची मुदत वाढत वाढत ११ ऑगस्टपर्यंत गेली. मधले पाच महिने मुलांनी काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. २०२५ चा निकाल १९ ऑगस्टला लागला, पण अखिल भारतीय कोट्याच्या समुपदेशनाची, म्हणजे जागावाटपाची, नोंदणी सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. तोवर वॉर्डात नवे निवासी डॉक्टर नाहीत आणि आहेत त्यांनी ड्युट्या ओढायच्या. याचा फटका आपल्याच जिल्ह्यातून रेफर झालेल्या पेशंटला बसतो. तो शेवटी जातो मेडिकल कॉलेजातच.

यूपीएससी पुढल्या वर्षाचं वेळापत्रक आधीच जाहीर करते, एमबीए प्रवेशाची कॅट दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटाला होते. नीट-पीजीचंही तसंच ठरवा. परीक्षा, इंटर्नशिपची मुदत, निकाल आणि समुपदेशनाची पहिली फेरी या चारही तारखा एकाच परिपत्रकात, निदान वर्षभर आधी द्या. केंद्र राज्यातच मिळावं. आणि उत्तरतालिकेबरोबर प्रश्नही जाहीर करा. २०२५ मध्ये नुसते प्रश्नांचे क्रमांक आणि उत्तरं दिली, त्यावरून आपलं कुठे चुकलं हे कुणाला कळणार?

परिपत्रक निघालं की त्याच आठवड्यात मी रजेचा अर्ज देईन. माझ्या जागी डॉक्टर शोधायला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दोन महिने तरी लागतात.

आपली विश्वासू,
एक बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी