दिवसाचे सोळा रुपये

दि. १० ऑगस्ट २०२५

चि. सुनील यास आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. सोयाबीन फुलावर आलंय, पाऊस अधूनमधून आहे. ताईची राखी पोचली का, तिला फोन करून सांग. ती वाट बघते.

परवा तू बाबांना फोनवर म्हणालास, "पीएम किसानचे वर्षाचे ६,००० म्हणजे दिवसाचे सोळा रुपये. त्यासाठी कशाला सेतूच्या चकरा मारता? मी पाठवतो ना." ते नुसतं "हं" म्हणाले आणि गोठ्यात गेले. त्यांना फोनवर बोलणं जमत नाही, हे तुला माहीतच आहे. म्हणून मीच लिहायला बसले.

तुझा भागाकार बरोबर आहे, पण तो पगारदाराचा आहे. तुला महिन्याला पैसा येतो आणि महिन्यालाच जातो. शेतीचा खर्च असा रोज थोडा थोडा होत नाही. मृगाच्या तोंडाला, निंदणाच्या वेळी, फवारणीला, सोंगणीला तो एकदम अंगावर येतो. आणि बहुतेक वेळा तेव्हाच घरात विकण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्यामुळे हप्त्याचे दोन हजार म्हणजे किती, यापेक्षा ते कधी आले याला आमच्याकडे जास्त किंमत आहे.

गेल्या वर्षीचंच घे. पीएम किसानचा हप्ता १८ जूनला पडला. जमिनीला पेरणीजोगा वापसा होता, बियाणं घरचंच होतं. बाबा कृषी केंद्रात गेले आणि १,३५० रुपये मोजून डीएपी खताची पिशवी घेऊन आले. उरलेल्यात बीजप्रक्रियेचं औषध आणि थोडी डिझेलची सोय झाली. बाकीच्या खतासाठी उधारी करावीच लागली, पण निम्मी. उधारीचं गणित तू लहानपणापासून बघितलं आहेस. रोखीला एक भाव, उधारीला दुसरा. शिवाय माल निघाला की तो दुकानदार सांगेल त्याच अडतीवर न्यायचा. चार-दोन पिशव्यांच्या खतापायी अख्ख्या वर्षाचा माल बांधला जातो. रोख देणाऱ्याला निदान "दुसऱ्या कंपनीचं दाखवा" असं म्हणता तरी येतं.

मग ५ ऑक्टोबरला पंतप्रधान आपल्या वाशिम जिल्ह्यात, पोहरादेवीला आले होते. त्या दिवशी केंद्राचे २,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे २,००० असे दोन्ही हप्ते एकदम सुटले. आपली सोंगणी तोंडावर होती. मजुरांना पैसे हातावर द्यावे लागतात, तिथे उधारी चालत नाही. सगळी मजुरी काही चार हजारांत भागली नाही, पण पहिल्या दोन दिवसांची भागली, आणि बाबांना त्या घाईत ओलं सोयाबीन विकायला न्यावं लागलं नाही. आठ-दहा दिवस अंगणात पसरून वाळवलं. आजी रोज सकाळी एक दाणा दाताखाली धरायची आणि "अजून नाही" म्हणायची. एके दिवशी कट्‌कन आवाज आला, तेव्हा पोती भरली. हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपासच चाललं होतं. पुढेही भाव काही चढला नाही. म्हणजे थांबून आपण श्रीमंत झालो असं मुळीच नाही. पण ओल जास्त म्हणून अडत्यानं भाव पाडला नाही, आणि कोणत्या अडतीवर न्यायचं ते आपण ठरवलं.

या वर्षीच्या फेब्रुवारीतला हप्ता मात्र शेतात गेलाच नाही. किराणा आणि आजीच्या डोळ्यांची औषधं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. माणसं जेवली-खाल्लीच नाहीत तर शेती कोण करणार?

आता खरी तक्रार ऐक. जूनचा हप्ता या खेपेला २ ऑगस्टला आला. पेरणी होऊन गेली, खताची उधारी होऊन गेली. आलेले पैसे निंदणाला लागले, ते वाया गेले नाहीत, पण जूनमध्ये त्यांनी जे काम केलं असतं ते ऑगस्टमध्ये झालं नाही. दुसरं असं की, २०१९ साली ही योजना निघाली तेव्हाही ६,०००च होते आणि आजही तेवढेच आहेत. मजुरी तेव्हाची आणि आताची तूच ताडून बघ. आणि सोयाबीनला नीट भाव मिळाला असता तर या हप्त्यांची एवढी वाट बघावी लागली नसती, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

आणखी एक गोष्ट मला खुपते. आपल्या वरच्या बांधाचं शेत करणारे दादा, त्यांना यातलं काहीच मिळत नाही. शेत ठोक्याचं, म्हणजे वर्षाचे पैसे देऊन करायला घेतलेलं, सातबारा मालकाचा, म्हणून हप्ता मालकाला. मालक नागपुरात राहतात. पेरणी, फवारणी, रात्रीची राखण सगळं दादांच्या अंगावर, ठोक्याचे पैसे आधीच मोजलेले. जमीन नावावर असलेल्यालाच शेतकरी म्हणायचं, असं कागदावर ठरलं की असंच होणार.

तू पैसे पाठवतोस ते आम्ही घेतोच, नाही म्हणत नाही. पण चाकणला चौघांत एक खोली करून राहतोस, कंपनीत कायम झालेला नाहीस, हे आम्हाला दिसतं. तुझ्याकडे मागायचं म्हटलं की बाबा आधी दोन दिवस विषय काढत नाहीत, मग मलाच काढायला लावतात, आणि तोवर फवारणीची वेळ निघून जाते. हप्ता मागावा लागत नाही. खात्यात पडला की ते बनियनवर शर्ट चढवतात आणि बँकेकडे निघतात. कुणाची मनधरणी नाही. सरपंचाचीही नाही आणि मुलाचीही नाही. तू पाठवतोस ते घराला होतं. हे मात्र ते शेताचं समजतात, त्यातलं मलाही सहजी देत नाहीत, बघ!

आता कामाचं. बाबांच्या आधारला अजून तुझाच जुना मोबाइल नंबर जोडलेला आहे. बोटांचे ठसे घासलेत, मशीन घेत नाही, म्हणून हप्त्यासाठीची केवायसी ओटीपीवरच होते आणि ओटीपी येतो तुला. मागच्या वेळी तू ड्यूटीवर होतास, फोन लॉकरमध्ये, आणि ते सेतूत दुपारपर्यंत बसून परत आले. पोळ्याला येशील तेव्हा त्यांचा नंबर जोडून टाकू. सकाळी लवकर गेलं तर गर्दी नसते. तोवर हप्त्याचा मेसेज आला की त्याच दिवशी मला फोन कर.

तुझी
आई