मागवली भरड, आले पीठ: माल्टबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: माल्ट फार बारीक दळल्यामुळे मॅश अडकून बॅच वाया गेल्याबाबत

महोदय,

अलिबागला आमची परवानाधारक मायक्रोब्रुअरी आहे. नवी बिअर आम्ही आधी छोट्या भांड्यात करून पाहतो. त्यासाठी आपल्याकडून १२ किलो बार्लीचा आणि ८ किलो गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) भरडून मागवला होता. बार्लीसाठी गिरणीच्या रोलरमधले अंतर १.२ मिमी ठेवावे, असे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिले होते.

५५ लिटर पाण्यात ६६ अंश सेल्सिअसला तासभर मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेला भरडा माल्ट, ठेवला. तोटी उघडली तेव्हा सुरुवातीला वॉर्ट (धान्यातून उतरलेला गोड रस) बरा आला, मग धार बारीक होत होत थांबली. पिशवीत उरलेली बार्ली चाळून पाहिली, तर टरफलांचे तुकडे तुकडे झालेले आणि चाळणीखाली पांढऱ्या पिठाचा ढीग. भांड्याच्या तळाची जाळी फक्त आधार देते; वॉर्ट गाळला जातो तो बार्लीच्या अखंड टरफलांच्या थरातून. गव्हाला टरफल नसते, म्हणून अशा मिश्रणात गाळण्याचा सगळा भार बार्लीवर. तीच चुरडली गेली तर चिकट लगद्याशिवाय उरणार काय?

याहून जास्त राग आपल्या फोनवरच्या सल्ल्याचा आला. "तोटी पूर्ण उघडा आणि पंप जोरात चालवा," असे आम्हाला सांगण्यात आले. अडकलेल्या मॅशवर हा उपाय नव्हे. जोरात ओढले की धान्याचा थर जाळीवर आणखी घट्ट बसतो. तसेच झाले, पंप हवा ओढू लागला. शेवटी आम्ही पंप बंद केला, जाळीखालून ७६ अंशांचे पाणी हळूहळू सोडून थर उचलला आणि वरून लांब पळीने चिरा दिल्या. थोडा वॉर्ट सुटला, पण बाकीचा रात्रभर भांड्यातच अडकून राहिला. इथल्या उष्ण हवेत सकाळी आंबूस वास येणारच. सगळे धान्य गुरांना गेले.

आपल्या माहितीपत्रकात ४० टक्के गव्हाच्या बिअरची कृती आहे, पण भाताच्या तुसाचा उल्लेखही नाही. धान्याच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे आमच्या मापाला १ किलो धुतलेले तूस घातले असते तर थर मोकळा राहायला मदत झाली असती. तूस बिअरला चवही देत नाही. कोकणात कुठल्याही भातगिरणीवर ते मिळते; पत्रकात एक ओळ छापायला आपल्याला काय जड जाते? भरडण्याआधी माल्टवर वजनाच्या १ ते २ टक्के पाणी शिंपडले तर टरफल मऊ पडते आणि फाटत नाही. हे तर आपल्या गिरणीतच व्हायला हवे.

आमच्या मागण्या अशा: संपूर्ण माल्टची किंमत परत मिळावी, किंवा अखंड टरफलाचा माल्ट विनाशुल्क पाठवावा. प्रत्येक पिशवीवर रोलरचे अंतर आणि भरडल्याची तारीख छापावी. समुद्राकाठच्या दमट हवेत भरडलेला माल्ट लवकर सादळतो, त्यामुळे तारीख आम्हाला कळलीच पाहिजे. फोनवरच्या माणसांना अडकलेला मॅश कसा सोडवायचा हे शिकवावे.

चाळलेल्या बार्लीचे फोटो सोबत जोडले आहेत. उरलेली पिशवी सीलबंद ठेवली आहे; आपला माणूस पाठवून नमुना घेऊन जावा. लेखी उत्तर येईपर्यंत पुढची ऑर्डर थांबवली आहे.

आपला,
मुख्य ब्रुअर, अलिबाग